पडद्याचं माप

नगरपालिकेचं पत्र आलं: मखमली पडदा, रंग मरून,
माप प्रत्यक्ष येऊन घेणे, दर आठ दिवसांत कळवणे.
म्हणून मी धरणगावला, एसटीने,
टेप पर्समध्ये, चैत्राचं ऊन डोक्यावर.

नाट्यगृह बाहेरून थेट जिनिंग वाटलं.
तशीच उंच भिंत, तसाच पत्रा,
दाराशी रसवंती, तिचे घुंगरू.
हमीदभाई पिंजाऱ्यांनी कुलूप काढलं
आणि दाराला खांदा लावला,
अडून बसलेल्या म्हशीला लावतात तसा.

आत अंधार. थंड, माठाच्या पोटातला.
मग एकेक वर येऊ लागलं:
बिडाचे हिरवे खांब, त्यांच्या मनगटांत सोनेरी कडी,
घोड्याच्या नालेसारखे वळलेले सज्जे,
सज्ज्यांखाली आरसे, आरशांत पुन्हा तेच सज्जे.
मी टेप उघडली.
हमीदभाई म्हणाले,
"उभं ऱ्हाईसन समजाव नही. बठ. बठीसन वर देख."

बसले. खुर्ची कुरकुरली, मग गप्प झाली.

मधोमध चुन्याचं कमळ, कमळातून उतरलेलं झुंबर.
लोलक धुळीने आंधळे,
पण एका झरोक्यातून तिरीप येत होती
आणि पाचसहा लोलक अजून नोकरीवर होते.
भोवती वेलबुट्टी. कसली वेल ही?
कारागीर परमुलखातला, शेटजींनी त्याला म्हणे
विलायती नक्षीचं पुस्तक दिलेलं,
द्राक्षांचे घड, नावं नसलेली पानं.
त्याने पुस्तक उशाला घेतलं
आणि छतावर केळीची पानं काढली,
वारा फाडतो तशीच फाटलेली,
आणि द्राक्षांच्या जागी बोंडं,
उकललेली, चुन्याच्या कापसाची,
ज्यांना वेचायला शंभर वर्षांत कुणी आलं नाही.

चार कोपऱ्यांत चार पऱ्या.
तिघींचे चेहरे पुस्तकातले.
चौथीचे गाल भरलेले, हनुवटीवर गोंदण.
"मजूर व्हती. चुना कालवे. आशे म्हंतस,"
आणि जरा थांबून, "खरं-खोटं अल्ला जाने."

मधेच वर टण्ण वाजलं. मी दचकले.
"ऊन चढनं का पत्रा बोलस."
नाटक चालू असलं तरी बोलायचा.
एकदा मरणाच्या प्रवेशात नटाने डोळा उघडून वर पाहिलं,
थेटर हसलं,
मग तो पुन्हा मेला, पहिल्यापेक्षा बरा.

बायकांचा सज्जा वेगळा, त्याचा जिनाही बाहेरून,
पायऱ्या मधे झिजलेल्या.
पुढे लाकडी जाळी. डोळा लावला
तर रंगमंचाचा नुसता भुगा दिसे.
चाचपत चाचपत तिसऱ्या खांबाशी आले
आणि बोट एका मोठ्या भोकात गेलं.
कडा गुळगुळीत, तेलकट.
कुणी सुईने सुरू केलं असेल,
कुणी आकड्याने वाढवलं, कुणी नुसत्या नखाने,
एकेका नाटकाला जरा जरा.
डोळा अचूक बसला.
अख्खा रंगमंच.
मी तिथे बराच वेळ होते. खालून हमीदभाई खोकले.

मग जुना पडदा. रंगवलेली नदी, पलीकडे महाल,
पाण्यात चार ठिकाणी शिवण.
शिंप्याच्या पोरीला शिवण वाचता येते:
तीन घाईच्या, जाड दोऱ्याच्या, पुरुषी.
चौथी इतकी बारीक की लाटच वाटावी.
उलटून पाहिलं. गाठ नाही, दोरा आतच जिरवलेला,
माझी आई जिरवायची तसा.
पण तसा पुष्कळजणी जिरवतात.

रुंदी सव्वीस फूट. उंची अठरा, दुमड धरून वीस.
तळहातावर पेनाने लिहिलं.
दरपत्रकात खाली एक ओळ घालणार आहे:
जुना पडदा फेकू नये, मागच्या दांडीवर राहू द्यावा.
तो उतरवून, झटकून पुन्हा टांगण्याचे पैसे लावलेले नाहीत.

परतताना पाळधी येईस्तोवर
घामाने उंची पुसली गेली. रुंदी तेवढी उरली.
घरी सांगितलं, पुन्हा जावं लागेल.
उंची मला पाठ होती,
हे नाही सांगितलं.